बसचा दांडा, लाल चिखल आणि पाच कुर्ते

या वेळच्या पत्रांत जवळपास सगळ्या तक्रारी रोजच्या कपड्यांच्या. लग्नसराईच्या साड्यांबद्दल कुणी विचारलेलं नाही, हे आम्हाला बरंच वाटलं.

ताई, मी खानापूरहून रोज बसनं बेळगावला कामाला जाते. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत आणि पायाशी लाल चिखल बसतो. पगार बेताचा. कमीत कमी किती कपड्यांत आठवडा निघेल?
— वय 22, खानापूर

कपडे नंतर मोज, आधी वाळायला लागणारे दिवस मोज. तुमच्याकडच्या पावसात घरातल्या दोरीवरचा सुती कुर्ता दोन दिवस घेतो. म्हणजे एक अंगावर, एक बालदीत, दोन दोरीवर आणि एक घडी करून तयार. पाच झाले. सहावा हौसेचा.

खालच्या पँट तीन पुरतात, पण एकाच अटीवर: कापड एका दिवसात वाळणारं हवं. कॉटन-पॉलिएस्टर मिश्र कापड घे. पँट सरळ शिवून घे, घोट्याच्या 2 इंच वर संपणारी, मोहरी (पायाशी येणारा घेर) 13 ते 14 इंच, म्हणजे पाणी साचलं की पोटरीपर्यंत दुमडता येते. पलाझो दिवाळीनंतर घाल. जीन्स एकदा भिजली की दोन-तीन दिवस वाळत नाही आणि कमरेच्या पट्टीत ओल राहून कुबट वास धरते. रेयॉनचे कुर्ते दुकानात सुळसुळीत लागतात म्हणून मुली ते घेतात. पण रेयॉन पाणी पिऊन जड होतं, ओलं असताना त्याचा धागा कमजोर पडतो, आणि पिळून दोरीवर टाकलं की लोंबून वेडंवाकडं होतं. पावसाळ्यासाठी पातळ कॅम्ब्रिक (गुळगुळीत सुती कापड) किंवा मिश्र कापडच बरं.

रंग: सगळ्या पँट काळ्या घेऊ नकोस. लाल माती वाळली की काळ्यावरच जास्त उठून दिसते. एक काळी, एक गडद तपकिरी, एक विटकरीकडे झुकणारी. विटकरीवर संध्याकाळपर्यंत कुणाला काही कळत नाही.

चिखल ओला असताना चोळायचा नाही. चोळला की बारीक माती धाग्यात शिरते. वाळू दे, कोरड्या ब्रशनं झटक, मग कापड उलटं करून डागाच्या मागच्या बाजूनं थंड पाणी सोड, साबण त्यानंतर. क्लोरीनचं ब्लीच ओतू नकोस. मातीचा तांबडा रंग लोखंडामुळे असतो, ब्लीच त्याला हटवत नाही, डाग उलट पक्का होतो. पांढऱ्या सुती कापडावर लिंबाचा रस आणि मीठ लावून अर्धा तास उन्हात ठेवून धुतलं तर डाग बराच फिका होतो. रंगीत कापडावर हे करू नये, लिंबानं रंगच उडतो.

कुबट वासासाठी शेवटच्या बालदीभर पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर टाक. दोरीवर दोन कपड्यांत चार बोटं अंतर ठेव आणि खालून पंखा लाव. एकावर एक टाकलेले कपडे पंख्यानंही वाळत नाहीत.

पैसे आधी पँटवर घाल. कुर्ता साधा असला तरी चालतो, पँट गुडघ्याशी फुगली की सगळा अवतार मळका दिसतो.

मी शिवून घेतलेले कुर्ते उभं राहिल्यावर छान बसतात, पण बसमध्ये वरचा दांडा धरला की सगळा कुर्ता वर सरकतो आणि बगलेत काचतो. टेलरला सांगितलं, त्यानं मुंढा, म्हणजे बाही जोडतात ते भोक, आणखी मोठा केला. आता जास्तच काचतं. कापड वाया गेलं का?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, हुक्केरी

वाया गेलेलं नाही. टेलरनं औषध उलटं दिलं, एवढंच.

बगलेत काचलं की मुंढा लहान आहे असंच वाटतं. खरं तर बहुतेक वेळा तो खोल असतो. मुंढा जितका खाली, तितकी बाही बगलेपासून लांब, कुर्त्याच्या अंगाला जोडलेली. हात वर केला की ती बाही कुशीचं कापड स्वतःबरोबर ओढून नेते. मुंढा बगलेजवळ असेल तर बाही हाताबरोबर फिरते आणि कुर्ता जागेवर राहतो. नव्या कुर्त्याला सांगताना “मुंढा वर घ्या, बाही रुंद ठेवा” असं दोन्ही सांग. नुसता मुंढा वर घेतला आणि बाही अरुंदच राहिली तर दंडात काचेल. बगल आणि शिवण यांच्यात दोन बोटं मावावीत, साधारण 1 इंच. ट्रायलला आरशासमोर ताठ उभी राहू नकोस, दांडा धरल्यासारखा हात वर कर. खालची कड दीड इंचापेक्षा जास्त उचलली गेली तर कुर्ता तिथेच परत दे.

आहेत त्या कुर्त्यांना चौबगला लावता येतो. जुन्या माणसांच्या सदऱ्यांना बगलेत चौकोनी तुकडा असायचा, तोच. उरलेल्या कापडातून 4 इंचांचा चौकोन काप, कडेनं शिवणीत जाणारी अर्धा-अर्धा इंच माया गेली की 3 इंच उरतो. बगलेच्या टोकापासून कुशीची शिवण 3 इंच खाली आणि बाहीची शिवण 3 इंच पुढे उसव. मध्ये जी फट उघडते तिला चार बाजू असतात: अंगाची पुढची व मागची, बाहीची पुढची व मागची. चौकोनाची एकेक बाजू त्यांना जोडायची. टीप कोपऱ्यापासून सुरू करायची आणि कोपऱ्यातच थांबवायची. माया धरून पुढे शिवत गेलं की तिथे चुणी पडते, आणि ती इस्त्रीनंही जात नाही. त्याच रंगाचं कापड उरलं नसेल तर अस्तराचा जाड तुकडा चालेल. बगलेत कोण बघतंय!

मी खणाचा कुर्ता शिवून घेतला. नेहमीसारखं अडीच मीटर नेलं तर टेलर म्हणाला कमी पडलं, आणि बाह्या दुसऱ्या कापडाच्या लावल्या. दोन धुण्यांत आतलं अस्तर आखडलं, वरचं कापड फुगलं, काठाचा लाल रंग पिवळ्यात उतरला. खण रोज वापरायचं कापड नाहीच का?
— वय 24, शहापूर, बेळगाव

आहे की. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा खण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या रोजच्या चोळीसाठीच वापरला गेला. दुकानदार मराठी असो की कन्नड, खण म्हटलं की दोघांनाही कळतं. चोळीचं कापड आहे म्हणूनच त्याचा पन्हा अरुंद, आणि तुझी पहिली फसगत तिथेच झाली.

हिशेब बघ. छाती 36, कुर्त्याची उंची 42. दुमड आणि माया धरून पुढच्या भागाला 46 इंच, मागच्याला 46, मिळून 92. पन्हा 44 असेल तर अंग कापल्यावर बाजूला जी पट्टी उरते तीत बाह्या निघतात, म्हणून अडीच मीटर पुरतं. पन्हा 30 असला की बाजूला काहीच उरत नाही. पाऊण बाह्यांना आणखी 20 इंच लांबी लागते. झाले 112 इंच, म्हणजे 2.85 मीटर. आटण्यासाठी आणि गळ्याच्या पट्टीसाठी धरून सव्वातीन मीटर घ्यायचं. दुकानात मापटेप घेऊन जा. पन्हा दुकानागणिक बदलतो, “एवढाच असतो” या उत्तरावर विसंबू नकोस.

घरी आणल्यावर सगळ्यात आधी रंगाची परीक्षा. पांढरं सुती फडकं ओलं करून काठावर ठेव आणि वरून गरम इस्त्री दाब. फडक्यावर रंग आला तर तो कुर्ता घरी धुवायचा नाही, ड्रायक्लीनच करायचा. रोजच्या वापराला तो खण घेऊच नकोस. रंग आला नाही तर साध्या पाण्यात चार तास भिजव, न पिळता सावलीत टाक, किंचित ओलसर असताना उलट्या बाजूनं इस्त्री कर, आणि मग टेलरकडे ने. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात. आजच्या रंगांना मिठानं काही होत नाही.

अस्तर वेगळं भिजवायचं, तेही चार तास. तुझ्या कुर्त्यात नेमकं हेच राहिलं. सुती अस्तर पहिल्या दोन धुण्यांत आटलं, खण तेवढा आटला नाही, आणि दोन्ही एकाच शिवणीत अडकलेले, म्हणून जास्तीचा खण फुगला. दुरुस्ती: खालची दुमड उसवून अस्तर मोकळं सोड, ते खणापेक्षा इंचभर वर राहू दे. कुशीच्या शिवणीत अस्तराला माया असेल तर तीही सोडवून घे. पुष्कळ फुगा जातो. खणाच्या उलट्या बाजूला सुटे धागे दिसत असतील तर अस्तर काढून टाकू नकोस, बांगडीत अडकून धागे ओढले जातात.

पिवळ्यात उतरलेला लाल मात्र इस्त्री झाल्यावर सहसा निघत नाही. रंग उतरताना दिसला की कापड वाळायच्या आत तीन-चार वेळा थंड पाण्यातून काढायचं असतं, ती वेळ गेली.

घेतलेला खण सुती आहे की पॉलिएस्टर, हे एक धागा जाळून कळतं. सुती धागा कागदासारखा जळतो, बोटानं चोळला की राख. पॉलिएस्टर वितळून काळी कडक गाठ होते. पॉलिएस्टरचा खण आटत नाही, लवकर वाळतो, पण मे महिन्यात अंगाला चिकटतो. दोन्हींना आपापला ऋतू आहे.

सासूबाईंचं जुनं नऊवारी इरकल कपाटात पडून आहे. मुलीला त्याचा कुर्ता हवाय. कापावं की नाही, मन होत नाही.
— गृहिणी, निपाणी

मनाचं तुम्ही ठरवा, कापडाचं आम्ही सांगतो. लुगडं उजेडात धरा. घड्यांच्या रेषांवर आणि बसण्याच्या जागी ते पातळ झालेलं दिसेल. तिथे दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणा. करकर आवाज आला किंवा धागे सरकून फट दिसली, तर कुर्ता दोन-चार वेळाही टिकणार नाही. त्या कापडाची ओढणी करा. ओढणीवर ताण येत नाही.

टिकाऊ निघालं तर आणखी एक बघायचं. इरकलाच्या पारंपरिक विणीत अंगाचा ताणा (उभे धागे) सुती आणि टोपपदराचा, म्हणजे पदराच्या भागाचा, रेशमी असतो, आणि हे दोन ताणे फासे अडकवून जोडलेले असतात. जुन्या लुगड्यात हा जोड खांद्यावर, मुंढ्यात किंवा गळ्याशी येऊ देऊ नका. नऊवारी म्हणजे 8 मीटरच्या वर कापड. खराब भाग टाळूनही कुर्ता निघतो. आधी कागदाचा साचा कापून तो लुगड्यावर सरकवून बघा, कात्री त्यानंतर. काठ खालच्या घेराला आणि बाहीला येऊ द्या. सगळ्याला आतून मलमल लावा, माया पाऊण इंच ठेवा, कुर्ता सैल शिवा. लाल पदराची ओढणी वेगळी करा. रेशीम आणि सूत एका बालदीत धुवायची वेळ त्यामुळे येत नाही.

कोल्हापुरी रोज घालायची आहे, पण अंगठ्याला लागते.
— वय 19, अथणी

तुझ्याच गावात ती बनते, तर तयार माप उचलू नकोस, पाय दाखवून करून घे. (कोल्हापुरीला 2019 मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्याबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूरही आहेत, हे दुकानदाराला ऐकव.) पट्टा किंचित घट्टच घे, कातडं पायाच्या उबेनं सैल होतं. अंगठ्याच्या आतल्या बाजूला आणि पट्ट्याच्या खाली एरंडेल तेलाचा हात रात्री फिरव. थेंबच, तेल जास्त झालं की तळ मऊ पडून कडेनं सुटतो. पहिले आठ दिवस घरात तासभर घाल. पावसात अजिबात नको. भिजलीच तर वर्तमानपत्र भरून सावलीत वाळव, चुलीजवळ किंवा उन्हात ठेवली तर कातडं आकसून तडकतं. जून ते सप्टेंबर रबरी सँडल.

काळा कुर्ता चार महिन्यांत राखाडी होतो. उपाय?
— वय 21, बेळगाव

उलटा करून धू, उलटाच वाळव, तोही सावलीत. पावडर निम्मी कर. बराचसा राखाडीपणा रंग उडाल्याचा नसतो, कापडात राहिलेल्या साबणाचा असतो. आणखी एकदा साध्या पाण्यातून काढून बघ.

कुर्त्याला खिसा लावला की मोबाईलच्या वजनानं एक बाजू लोंबते.
— वय 23, चिकोडी

खिशाची पिशवी कुशीच्या शिवणीला नुसती लटकवलेली असते, म्हणून. कमरेच्या रेषेपासून 3 इंच खाली तोंड ठेव, तोंड 6 इंच, खोली 7 इंच. पिशवीला कुर्त्याचं कापड नको, खिशाचं जाड सुती कापड घे. तोंडाच्या दोन्ही टोकांना दुहेरी टीप आणि मागून बोटभर रुंद पट्टी. पिशवीच्या वरच्या कोपऱ्यातून एक सुती नाडी आतल्या बाजूनं मुंढ्याच्या शिवणीपर्यंत नेऊन अडकवलीस तर वजन खांद्यावर जातं. रेयॉनच्या कुर्त्याला हे सगळं करूनही तो लोंबणारच. त्यापेक्षा खिसा पँटला लावून घे, तिथे कमरेची पट्टी वजन पेलते.