प्रयोग करणंच शक्य नसेल, तर अमुक गोष्टच कारण आहे हे शास्त्रज्ञ कशावरून ठरवतात?

नैसर्गिक प्रयोगावरून. गट आपण पाडायचे नाहीत. एखाद्या नियमाने किंवा योगायोगाने आधीच पडलेले हुडकायचे. उत्तर लिहायला बसलो कारण माझ्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक पहिल्या पाच मिनिटांतच म्हणाले होते, "तुम्ही केलंत काय? नुसतं पाहिलंत. याला प्रयोग म्हणतात?"

माझा विषय शाळाप्रवेशाचा. ठरलेल्या तारखेपर्यंत जन्मलेलं मूल यंदा शाळेत, दोन दिवसांनी जन्मलेलं पुढच्या वर्षी. लवकर शाळेत गेल्याने काय फरक पडतो हे बघायला चिठ्ठ्या टाकून मुलांना घरी कोण बसवेल? दोन वर्षं मी प्रवेशाची रजिस्टरं उतरवून काढली. त्या तारखेच्या अलीकडच्या दोन-तीन दिवसांत जन्मांची गर्दी दिसली. काही ठिकाणी आकडा खोडून वर दुसरा लिहिलेला. पालकांनी तारखा सरकवल्या होत्या. सीमेलगतचे तेवढे दिवस गाळले आणि सगळं पुन्हा मोजलं. हे नुसतं पाहणं नव्हे.

कॉलरा पाण्यातून पसरतो हे दाखवणारा लंडनचा डॉक्टर जॉन स्नो त्या परीक्षेत ओठांवर आला होता, पण बोललो नाही. १८५४ च्या कॉलऱ्यात दक्षिण लंडनमध्ये एकाच रस्त्यावरच्या शेजारशेजारच्या घरांत दोन वेगळ्या कंपन्यांचं पाणी येई. लॅम्बेथ कंपनी १८५२ पासून थेम्सचं पाणी शहराच्या वरच्या अंगाला, थेम्स डिटनला उचलत होती. साउथवर्क अँड वॉक्सहॉल मात्र गटारं मिसळलेलंच पाणी देत राहिली. स्नो दारोदार फिरला. भाडेकरूंना कंपनीचं नाव सांगता येईना, तेव्हा तो पाण्यात सिल्व्हर नायट्रेट घालून बघे. पांढरा साका दाट बसला की साउथवर्क, कारण त्या पाण्यात मीठ जवळजवळ चाळीसपट होतं. पहिल्या सात आठवड्यांत दर १०,००० घरांमागे मृत्यू: साउथवर्ककडे ३१५, लॅम्बेथकडे ३७.

तुम्ही असा अभ्यास करणार असाल तर आधी एवढंच तपासा: गट कशामुळे पडले, आणि कोणाला आपला गट निवडता आला का? संख्याशास्त्र त्यानंतर. आणि मार्गदर्शक "परीक्षक म्हणतील तसं करा" म्हणाले तर ऐकू नका.

मर्यादा आहेत. माझं उत्तर त्या तारखेच्या आसपासच्या मुलांपुरतंच होतं, सगळ्या मुलांना ते लावता येत नाही. औषधाची चाचणी असेल आणि चिठ्ठ्या टाकता येत असतील तर टाकाव्यातच, तिथे माझा वाद नाही. पण गटाराचं पाणी कोणाला पाजायचं याच्या चिठ्ठ्या स्नोने कशा टाकायच्या होत्या, हे त्या परीक्षकांना विचारायचं माझं राहून गेलं.