तरुणांवरचं संशोधन सरकारी धोरणापर्यंत पोचतं का?

पोचतं, पण ‘अहवाल आला आणि योजना निघाली’ असं सरळ सहसा होत नाही.

एक उदाहरण सांगते. 2006 ते 2008 या काळात देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि पॉप्युलेशन कौन्सिल ही संशोधन संस्था यांनी महाराष्ट्रासह सहा राज्यांत पन्नास हजारांहून जास्त तरुण-तरुणींच्या मुलाखती घेतल्या. मी त्या पाहणीत नव्हते, पण तसल्याच एका कामासाठी गावोगाव हिंडलेय. मुलगी उत्तरं देत असते, आई उंबऱ्यात तांदूळ निवडत बसलेली आणि कान आमच्याकडे. ‘कुणाशी मैत्री आहे का?’ म्हटलं की उत्तर ठरलेलं: ‘छे, तसलं काही नाही ताई.’ हे ओळखूनच त्या पाहणीत नाजूक प्रश्नाचं उत्तर कोऱ्या कार्डावर खुणेनं घेऊन पाकीट बंद करायची सोय ठेवली होती.

लैंगिक शिक्षण मिळालंय असं सांगणारे त्यात निघाले जेमतेम 15 टक्के. ते मिळायला हवं असं मात्र बहुतेकांचं मत होतं. आणि नेमकं 2007 मध्ये, पाहणी चालू असतानाच, महाराष्ट्र सरकारनं शाळांमधलं लैंगिक शिक्षण बंद केलं! 2009 मध्ये व्यंकय्या नायडूंच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभेच्या समितीनंही विरोधातच मत दिलं.

मग आकडे वाया गेले का? माझ्या मते नाही. जानेवारी 2014 मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्यानं 10 ते 19 वयोगटासाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. पोषण, मानसिक आरोग्य, व्यसनं, हिंसा यांच्या जोडीला लैंगिक आरोग्यही त्यात आलं, आणि दवाखान्यात वाट बघत बसण्याऐवजी गावातल्याच मुलामुलींना ‘साथिया’, म्हणजे आपल्या वयाच्या मुलांशी या विषयांवर बोलणारे सोबती, करायचं ठरलं. हे एकट्या त्या अहवालानं घडलं असं मी म्हणणार नाही. पण अधिकाऱ्याला फाइलवर लिहायला आकडा लागतो, तो अशा पाहण्यांनी तयार ठेवलेला असतो. शिक्षण खात्यात जो विषय अडला, तो आरोग्य खात्यातून आत आला.

महाराष्ट्रात किशोरवयीन मुलामुलींना आरोग्याचा सल्ला द्यायला सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री क्लिनिक’ आहेत. मी पाहिलेल्या एका ठिकाणी ती खोली ओपीडीच्या रांगेसमोरच होती. रांगेत गावातलं कोणी ना कोणी असतंच, त्यामुळे मुली पाटी वाचून पुढं निघून जात होत्या.