उंदराचं बिल भरलं, मग नाव कशाला?

प्रश्न: सर नमस्कार, मी देवरुखची. पीएचडी बाहेर करतेय, सध्या थिसिस लिहायला घरी आलेय, बाहेर धो धो पाऊस आणि लाईट जाऊन येऊन. माझ्या कामातला नॉकआउट उंदीर (एक जीन मुद्दाम काढून टाकलेला) आमच्या लॅबमध्ये बनलेला नाही, दुसऱ्या संस्थेच्या कॉमन फॅसिलिटीकडून बनवून घेतला, फ्लो सायटोमेट्री म्हणजे पेशींची एकेक करून तपासणी, ती पण तिथल्याच मशीनवर केली. पेपरमध्ये मी त्यांचे आभार लिहिले तर गाईडनी ते खोडले, म्हणाले आपण पूर्ण बिल भरलंय, रिक्षातून गेलो म्हणून रिक्षावाल्याचं नाव छापतो का? मला पटलं नाही, पण तोंडावर उत्तर सुचलं नाही. काय सांगू?

उत्तर: रिक्षावाल्यातच उत्तर आहे बघा. स्टँडवरून घरी जाताना रिक्षा कुणाची होती यानं तुमचं घर बदलत नाही. उंदीर कुणाकडचा होता यानं मात्र निकाल बदलतो.

ब्लॅक सिक्स ही लॅबमधल्या उंदरांची जात तुम्हाला माहीत असणारच, निम्म्या जगाची सुरुवात तिथूनच होते. पण त्यात जे आणि एन अशी दोन घराणी आहेत, १९५१ मध्ये अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संस्थेकडे गेली ती एन आणि जॅक्सन लॅबोरेटरीत राहिली ती जे. दोन्ही काळी कुळकुळीत, शेजारी ठेवली तर कुणाच्या बापाला ओळखू येणार नाहीत. पण जे मध्ये एनएनटी जीनचा एक तुकडाच उडालेला आहे आणि त्याचा संबंध थेट इन्सुलिनशी येतो, आणि एन मध्ये सीआरबी१ जीनमधल्या बिघाडानं डोळ्याचा पडदा खराब होतो. आता समजा कुणी डायबेटिसवर काम करतंय, नॉकआउट बनला एन वर आणि कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेला, घेतले जे, तर दिसलेला फरक काढून टाकलेल्या जीनमुळं की घराण्यामुळं? उंदीर कुठं, कशावर बनला हे छापलेलं असेल तर निदान त्या फॅसिलिटीला विचारता तरी येतं. आपण हापूसची पेटी घेताना बाग कुठली विचारतोच की, नुसतं हापूस लिहिलेल्या पेटीवर कोण विश्वास ठेवतो इकडे.

आणि बिलाचं म्हणाल तर बिलात एक ओळ असते, त्या ओळीमागं काय असतं ते सरांनाही माहीत आहे, घाईत विसरले असतील. एम्ब्रिओ म्हणजे अगदी कोवळे गर्भ गोळा करायचे, त्यात क्रिस्पर हे जीन कापायचं हत्यार सोडायचं, मग ते दुसऱ्या मादीत ठेवायचे, त्या मादीला आधी नसबंदी केलेल्या नराबरोबर सोडलेलं असतं म्हणजे तिच्या शरीराला वाटतं गर्भ राहिलाय, मग साधारण तीन आठवडे वाट, आणि एवढं करून जी पिल्लं येतात ती बहुतेकदा मोझेक, म्हणजे एकाच पिल्लाच्या काही पेशींत बदल झालेला आणि काहींत नाही. मग ती साध्या उंदरांशी जोडून पुढच्या पिढीत बदल उतरतोय का हे बघायचं, प्रत्येकाच्या शेपटीचा नाहीतर कानाचा तुकडा घेऊन पीसीआर, म्हणजे डीएनएची चाचणी, लावायची. पूर्वी स्टेमसेलच्या वाटेनं हेच करायला वर्ष सहज जायचं (त्याच वाटेसाठी कपेकी, इव्हान्स आणि स्मिथीज यांना २००७ चं नोबेल मिळालं), आता काही महिन्यांत होतं, पण हात त्याच लोकांचे.

शिवाय तुम्ही भरता ते बिल बहुतेक ठिकाणी पूर्ण खर्चाचं नसतंच, बाकीचा भार संस्था नाहीतर सरकारी ग्रँट उचलते. पुण्याचं आयसर, बंगळुरूचं एनसीबीएस अशा ठिकाणी बाहेरच्यांनाही उंदीर बनवून देणाऱ्या फॅसिलिटी आहेत, त्या चालू राहायच्या तर दरवर्षी दाखवावं लागतं की आमच्यामुळं अमुक एवढे पेपर झाले. पैसे देणारा पेपर मोजतो आणि आभारात नाव नसेल तर तुमचा पेपर त्या मोजणीत येतच नाही.

हे मी शहाणपणानं सांगत नाहीये, माझ्याकडून राहिलंय. एका पेपरमध्ये मी फॅसिलिटीचं नाव घातलं पण तिच्या ग्रँटचा नंबर विसरलो. छापून आल्यावर तिथल्या बाईंचा फोन आला, रागावल्या पण नाहीत, एवढंच म्हणाल्या की आमच्या वार्षिक रिपोर्टात हा पेपर कसा दाखवू सांगा. करेक्शन छापून यायला चार महिने लागले आणि तोवर त्यांचा रिपोर्ट गेलेला होता. तेव्हापासून मी ड्राफ्टची पहिली ओळ लिहायच्या आधी ग्रँट नंबर मागून घेतो.

आता नेमकं लिहायचं काय. थिसिसमध्ये आभाराचं पान म्हणजे आपलं गाऱ्हाणं असतं, बारा गावच्या देवापासून मेसवाल्या काकूंपर्यंत सगळ्यांना हाक मारा, कुणी अडवणार नाही, व्हय म्हाराजा. पेपरमध्ये तसं चालत नाही, तिथं कोरडं आणि नेमकं पाहिजे. फॅसिलिटीचं पूर्ण नाव त्यांनी सांगितलंय तसंच लिहा, स्वतःचं शॉर्टफॉर्म करू नका, तिनं काय करून दिलं ते लिहा, तिचा ग्रँट नंबर लिहा, आणि तिला आरआरआयडी, म्हणजे संशोधनात वापरलेल्या साधनांचा ओळख नंबर, असेल तर तोही. हा नंबर २०१४ पासून वापरात आहे, उंदराच्या स्ट्रेनला म्हणजे वाणाला, अँटीबॉडीला मिळतो तसा फॅसिलिटीलाही मिळतो आणि नाव बदललं तरी त्यावरून शोधता येतं. स्ट्रेन मुळात ज्यांनी बनवली त्यांचा पेपर मात्र आभारात नाही, संदर्भात द्यायचा, ही गल्लत फार होते. एथिक्स कमिटीची परवानगी पण आभारात ढकलू नका, तिची जागा मेथड्समध्ये. आणि उंदीर आणताना एमटीएवर, म्हणजे असं साहित्य देण्याघेण्याच्या करारावर, सही केली असेल तर तो कागद काढून वाचा, बऱ्याचदा आभाराचं वाक्य त्यातच दिलेलं असतं आणि मग सरांनी खोडायचा प्रश्नच येत नाही.

सरांना एक गोष्ट जरूर सांगा. ही जॅक्सन लॅबोरेटरी आपल्यासारखीच समुद्रकाठी आहे, अमेरिकेत मेन राज्यात बार हार्बर नावाच्या गावात. ऑक्टोबर १९४७ मध्ये तिथं मोठा वणवा लागला, लॅब जळाली, जवळजवळ सगळे उंदीर गेले. मग ज्या ज्या लॅबनी पूर्वी त्यांच्याकडून उंदीर नेले होते त्यांनी त्याच जातींच्या जोड्या परत पाठवल्या आणि वसाहत पुन्हा उभी राहिली. कुणाकडचा उंदीर कुठून आलाय हे माहीत होतं म्हणून जमलं ना ते.

प्रश्न: मी वेंगुर्ल्यात शाळेत शिकवते. आमच्याकडे उंदीर म्हटलं की पहिल्यांदा लेप्टो, म्हणजे उंदराच्या लघवीतून पाण्या-चिखलात उतरणारा तो ताप, आठवतो. मुलं विचारतात, लॅबमधल्या लोकांना लेप्टो होत नाही का?

उत्तर: बाई, मुलांचा प्रश्न आवडला. लॅबमधला छोटा उंदीर आणि घरात फिरणारी चुचुंद्री नव्हे तर छोटा घरउंदीर, ही मुळात एकच जात. पण लॅबवाले कित्येक पिढ्या आतच जन्मलेले असतात, ब्लॅक सिक्सची सुरुवातच १९२१ ची. हवा गाळून येते, भुसा आणि खाणं निर्जंतुक करून येतं, माणसं कपडे बदलून आत जातात. आणि रोग शिरला का हे कळावं म्हणून काही उंदीर मुद्दाम पहारेकरी ठेवतात, इतर पिंजऱ्यांतला वापरलेला भुसा त्यांना देतात आणि ठरावीक दिवसांनी त्यांचीच तपासणी करतात. शेतात मात्र मुलांना चिखलात अनवाणी सोडू नका, पायाला जखम असेल तर अजिबातच नाही.

प्रश्न: मी कुडाळचा, मुंबईकडे एका ॲनिमल फॅसिलिटीत ९ वर्षं टेक्निशियन आहे, मायक्रोइंजेक्शन, म्हणजे बारीक सुईनं एम्ब्रिओत क्रिस्पर सोडायचं काम, मीच करतो. पेपरात येतं ‘फॅसिलिटीचे आभार’. घरी आई विचारते तुझं नाव कुठाय. मी ऑथर होऊ शकतो का, की हे मागणं जास्त होतंय?

उत्तर: जास्त काही होत नाहीये दादा. आपल्याकडे रापण ओढतात तेव्हा जाळ्याचा वाटा वेगळा आणि ओढणाऱ्याचा वेगळा, कुणी असं म्हणत नाही की जाळ्याला दिलं म्हणजे तुलाही पोचलं. फॅसिलिटीचे आभार हा जाळ्याचा वाटा झाला.

पण ऑथरशिपचं गणित जरा कडक आहे. मेडिकल जर्नलच्या संपादकांच्या आयसीएमजेई समितीच्या चार अटी आहेत: कामात भरीव वाटा, लिखाणात किंवा ते तपासण्यात सहभाग, शेवटच्या मसुद्याला मान्यता आणि कामाची जबाबदारी घेणं. चारही पाहिजेत. त्यांनी डिझाईन पाठवलं आणि तुम्ही रोजच्यासारखं इंजेक्ट करून पिल्लं दिली, तर ते आभारात, पण ‘फॅसिलिटी’ म्हणून नाही, तुमच्या नावानं. उलट त्यांचं डिझाईन चालेना, पिल्लं मरत होती आणि तुम्ही मात्रा बदलून, एम्ब्रिओची वेळ बदलून मार्ग काढलात, तर पहिली अट तुम्ही पूर्ण केलीच आणि मग त्यांनी तुम्हाला ड्राफ्ट वाचायला द्यायला हवा, म्हणजे बाकीच्याही करता येतील. तुम्ही पगारी आहात किंवा त्यांनी बिल भरलंय याचा या चारही अटींशी काही संबंध नाही.

आभारात नाव घालायचं तर तुमची परवानगी घ्यावी असंही तीच समिती म्हणते, म्हणजे विषय काढायला वाट तयारच आहे. मी तुमच्या जागी असतो तर पिल्लं सोपवताना जो मेल जातो त्यातच खाली लिहिलं असतं, ‘पेपरमध्ये उल्लेख करायचा झाल्यास माझं नाव असं लिहावं, माझी परवानगी आहे,’ आणि काय काय बदलून बघितलं ते तारखांसकट वर. भांडण नाही, रुसवा नाही. आणि छापून आलं की त्या पानाची प्रिंट काढून आईला पाठवा, मोबाईलवर नको, कागदावर.