सेबाच्या सरड्यांची जुनी चित्रं: चार नकोत, एक पुरे

प्रश्न: आम्ही नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला राहतो, दोन वर्षांनी पुण्याला परतायचंय. आल्बेर्टुस सेबा या अठराव्या शतकातल्या ॲमस्टरडॅमच्या संग्राहकाच्या ग्रंथातली इग्वाना-सरड्यांची, हातानं रंगवलेली चार जुनी पानं एक विक्रेता ६,००० युरोंना देतोय. परतीसाठी ठेवलेल्या १८,००० युरोंतून गुंतवणूक म्हणून घ्यावीत का?

उत्तर: गुंतवणूक म्हणून नको. मनापासून आवडली असतील तर एक घ्या, तेही पगारातून बाजूला काढून. परतीच्या पैशाला हात लावू नका. घराचं डिपॉझिट, सामानाचा कंटेनर, पहिले काही महिने याच रकमेवर निघणार आहेत.

आधी हिशेब. लिलावात विकायला गेलात की तुमच्याकडून साधारण १५ टक्के कमिशन कापलं जातं आणि घेणाऱ्यावर बोलीच्या वर साधारण २५ टक्के आकार बसतो. म्हणजे तुमचे ६,००० नुसते परत मिळायला बोली ७,०५९ युरोंवर जायला हवी आणि घेणाऱ्यानं ८,८२४ मोजायला हवेत. त्यासाठी भाव दहा वर्षं सलग दरसाल ३.९ टक्क्यांनी वाढायला हवा, आणि एवढं होऊनही नफा शून्य. 'चारांचा संच' म्हणून भाव चढवला असेल तर तो मान्य करू नका. ग्रंथ फोडून सुटी केलेली पानं शेवटी एकेकच विकली जातात.

भावाचं खरं मर्म रंगात आहे. हा ग्रंथ १७३४ ते १७६५ या काळात ॲमस्टरडॅमला चार खंडांत निघाला. बहुतेक प्रती बिनरंगीच विकल्या गेल्या. रंगवून घ्यायचे पैसे वेगळे पडत. त्यामुळे आज रंगीत म्हणून येणारी बरीच सुटी पानं नंतर, कधी अगदी अलीकडे रंगवलेली असतात, आणि त्यांना त्या काळच्या रंगाचा भाव देण्यात अर्थ नाही. पान उलटून बघा. तांब्यापासून केलेला जुना हिरवा रंग कागद खातो आणि इग्वानाच्या हिरव्या अंगाची तपकिरी छाया मागच्या बाजूला उमटते. पुढे झगझगीत हिरवा आणि मागे कागद कोरा असेल, तर तेवढ्यावरून निकाल देता येत नाही, पण विक्रेत्याला नेमकं विचारा. 'रंग त्या काळचा' हे तो बिलावर लिहून देत नसेल, तर बिनरंगी पानाच्या भावानं बोला.

कागद उजेडासमोर धरला की समांतर रेषांची जाळी दिसायला हवी. १७३४च्या खंडाचा कागद गुळगुळीत एकसंध असूच शकत नाही. चित्राभोवती छपाईच्या तांब्याच्या पत्र्याची दाबखूण बोटाला लागते. समास त्या खुणेपर्यंत कापलेला असेल तर किंमत पडते. दहापट भिंगाखाली ठिपके दिसले तर ती आधुनिक छपाई. हेगच्या ग्रंथालयातल्या रंगीत प्रतीची मोठी प्रतिकृती २००१मध्ये निघाली आहे, हे लक्षात असू द्या.

पुण्याला नेण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. भारताच्या १९७२च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनी कलाकृती पुरावस्तू ठरते. व्याख्येत वय बघितलं जातं, ती कुठल्या देशाची हे नाही. अशी वस्तू खासगी माणसाला भारताबाहेर पाठवता येत नाही. या चित्रांचे गिऱ्हाईक मुख्यतः युरोप-अमेरिकेत आहेत, म्हणजे एकदा पुण्यात आणलीत की तो बाजार तुमच्यासाठी बंद. विकण्याचा विचार असेल तर पान तिकडेच राहू द्या. भारतात विकलंत तर कलाकृतीवर भांडवली नफ्याचा कर लागतो: २४ महिन्यांहून जास्त ठेवलेली असेल तर १२.५ टक्के, त्याआधी तुमच्या स्लॅबप्रमाणे. खरेदीचं बिल नसेल तर मूळ किंमत सिद्ध करणं अवघड जातं.

निवडताना एकच मोठा प्राणी मधोमध असलेलं, घडीवर न फाटलेलं, रुंद समासाचं पान घ्या. फ्रेम आम्लविरहित माउंटची (चित्रामागचा-भोवतीचा पुठ्ठा), अतिनील किरण अडवणाऱ्या काचेची करा. चिकटपट्टी अजिबात नको. पान माउंटला जोडायला जपानी कागदाच्या पट्ट्यांचे बिजागर गव्हाच्या खळीनं लावून घ्या. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, तिथेच बुरशी धरते.