वाचकांचे प्रश्न : चाहूल लागली की दिवा लावणारा इन्फ्रारेड सेन्सर

जिन्यात, पोर्चमध्ये, गोठ्याजवळ माणसाच्या चाहुलीवर दिवा लावणाऱ्या पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड) सेन्सरबद्दल बरीच पत्रे आली. त्यांतली पाच निवडली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण सर्किट स्वतः जुळवणाऱ्या प्रत्येकाला ही अडचण येतेच.

तयार मॉड्यूल न घेता आरई२००बी सेन्सर आणि एलएम३२४ आयसी वापरून सर्किट जोडले. पाच व्होल्ट दिल्याबरोबर आउटपुट चालू होते. कधी मिनिटभराने शांत होते, कधी होतच नाही. सेन्सर बिघडला आहे का?
— एक वाचक, धुळे

सेन्सर बिघडलेला असण्याची शक्यता सर्वांत कमी. आधी तो काय करतो ते पाहू. माणसाच्या त्वचेतून बाहेर पडणाऱ्या इन्फ्रारेडचा जोर साडेनऊ मायक्रोमीटरच्या आसपास असतो. सेन्सरच्या खिडकीवरची गाळणी साधारण ५ ते १४ मायक्रोमीटरचा पट्टा आत सोडते, बाकीचा अडवते. आत पायरोइलेक्ट्रिक पदार्थाच्या दोन बारीक पट्ट्या असतात, उलट्या ध्रुवांनी एकमेकींना जोडलेल्या. पट्टीचे तापमान बदलत असेल तेवढ्यापुरताच तिच्यावर विद्युतभार येतो. तापमान स्थिर झाले की भार ओसरतो. खोली हळूहळू तापली तर दोन्ही पट्ट्या सारख्याच तापतात आणि त्यांचे सिग्नल एकमेकांना खोडतात. माणूस आडवा गेला की आधी एक पट्टी तापते, मग दुसरी. म्हणजे आधी एका दिशेने लाट, मग उलट दिशेने. या लाटेचा वेग हर्ट्झच्या दहाव्या भागापासून फार तर दहा हर्ट्झपर्यंत आणि उंची मिलीव्होल्टच्या खाली. म्हणून तिला सुमारे दहा हजारपट वाढवावे लागते. तुमची अडचण या दहा हजारांत दडलेली आहे.

आमच्या पसंतीची जुळणी अशी. सेन्सरच्या ड्रेन पिनला (पुरवठा घेणारी पिन) ५ व्होल्ट थेट देऊ नका. मध्ये १ किलोओहम घाला आणि पिनपासून ग्राउंडला १०० मायक्रोफॅरड जोडा. सोर्स पिनपासून (सिग्नल देणारी पिन) ग्राउंडला ४७ किलोओहम. एलएम३२४ मध्ये चार ऑप-अँप, म्हणजे सिग्नल वाढवणारे चार भाग असतात; त्यांतले दोन वाढवण्याच्या दोन टप्प्यांना. पहिला टप्पा नॉन-इन्व्हर्टिंग: फीडबॅकला १ मेगओहम आणि त्याला समांतर १० नॅनोफॅरड, इन्व्हर्टिंग पिनपासून ग्राउंडकडे १० किलोओहम व ४७ मायक्रोफॅरड एकामागे एक. दुसरा टप्पा इन्व्हर्टिंग: आत येताना पुन्हा ४७ मायक्रोफॅरड आणि १० किलोओहम, फीडबॅक पहिल्यासारखाच. दोन्ही मिळून खाली सुमारे ०.३४ हर्ट्झ आणि वर १६ हर्ट्झ अशी मर्यादा पडते. घरातल्या वीजतारांची गुणगुण तरीही शिरत असेल तर १० ऐवजी २२ नॅनोफॅरड लावा, वरची मर्यादा ७ हर्ट्झवर येते.

उरलेले दोन ऑप-अँप कंपॅरेटर, म्हणजे व्होल्टेजची ठरलेल्या सीमेशी तुलना करणारे. ५ व्होल्टपासून ग्राउंडपर्यंत ४७, १०, १०, ४७ किलोओहम अशी साखळी लावली की मधल्या बिंदूला २.५ व्होल्ट मिळतात. ते दुसऱ्या टप्प्याच्या नॉन-इन्व्हर्टिंग पिनला द्या आणि तिथून ग्राउंडला १० मायक्रोफॅरड जोडा. वरच्या बिंदूला २.९४ आणि खालच्या बिंदूला २.०६ व्होल्ट मिळतात, त्या दोन सीमा. लाट यांतली कुठलीही ओलांडेल तर आउटपुट. दोन्ही कंपॅरेटरची आउटपुट दोन १एन४१४८ डायोडमधून एकत्र आणायची. सीमा याहून लांब ठेवू नका. पाच व्होल्टवर एलएम३२४ चे आउटपुट साडेतीन व्होल्टच्या फारसे वर जात नाही. कुणी वरची सीमा ३.८ ठेवली तर तो कंपॅरेटर कधीच उठणार नाही.

आता तुमच्या तक्रारीकडे. मिनिटभराने शांत होते हा दोष नाही. सुरुवातीला ४७ मायक्रोफॅरड रिकामा असतो आणि १ मेगओहममधूनच भरतो. दोन्हींचा कालांक (भरण्याच्या वेळेचे माप) ४७ सेकंद. तेवढा वेळ दुसरा टप्पा एका टोकाला चिकटून राहणारच. बाजारातल्या मॉड्यूललाही सुरुवातीचे मिनिटभर सोडून द्यायला सांगतात.

होतच नाही, तेव्हा मात्र मल्टिमीटर घ्या. सेन्सरवर कागदाचा डबा पालथा घाला, दोन मिनिटे थांबा आणि दुसऱ्या टप्प्याच्या आउटपुटला व्होल्टेज मोजा. २.५ च्या जवळपास हवे. तीन किंवा त्याहून जास्त दिसले तर दोन टप्प्यांमधला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गळतो आहे असे समजा. गळतीचा करंट १ मेगओहममधूनच येतो, त्यामुळे अर्धा मायक्रोअँपिअर गळती म्हणजे अर्धा व्होल्ट वर, आणि वरचा कंपॅरेटर कायमचा चालू. दुकानात वर्षानुवर्षे पडून असलेले कपॅसिटर हमखास असे वागतात. कपॅसिटर उलटा लावला तर गळती आणखी वाढते: पहिल्या टप्प्याचे आउटपुट व्होल्टच्या आतबाहेर असते आणि दुसऱ्याचे इनपुट अडीच व्होल्टवर, म्हणून धन टोक दुसऱ्या टप्प्याकडे हवे. नवा २५ व्होल्टचा किंवा टँटलमचा लावून पाहा.

व्होल्टेज २.५ वर बसते पण सतत थरथरते, असे असेल तर सोर्स पिनची तार लांब असेल किंवा सगळे ब्रेडबोर्डवर असेल. सेन्सर आणि पहिला टप्पा दोन-तीन सेंटीमीटरच्या आत आणा, सेन्सरचे धातूचे टोपण ग्राउंडला आहे ना ते तपासा. खिडकीला बोट लागले असेल तर कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा.

आणखी एक गोष्ट बरेचजण विसरतात. दोन्ही पट्ट्या आडव्या, शेजारी-शेजारी यायला हव्यात. सेन्सर नव्वद अंशांनी फिरला तर समोरून आडवा जाणारा माणूस दोन्ही पट्ट्यांवर एकदमच येतो आणि सिग्नल खोडला जातो. सेन्सरपुढची प्लॅस्टिकची लेन्स लावण्याआधी अर्ध्या मीटरवरून हात डावी-उजवीकडे हलवून बघा, मग वर-खाली. ज्या दिशेला लाट मोठी येते ती दिशा जमिनीला समांतर ठेवा. लेन्स लावताना रेघांची बाजू आत. लेन्स आणि सेन्सर यांतले अंतर लेन्सच्या नाभीय अंतराइतकेच (फोकल लेंग्थ) हवे. दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे झाले तरी पल्ला लक्षात येण्याइतका घटतो.

शेतातल्या शेडवर लावलेला सेन्सर थंडीत सहा-सात मीटरवरून माणूस ओळखतो. मे महिन्यात दोन मीटरवर आल्याशिवाय दिवा लागत नाही.
— एक वाचक, चंद्रपूर

चंद्रपूरच्या मे महिन्यात असेच होणार. सेन्सरला तुमचे तापमान कळत नाही. तुम्ही आणि तुमच्या मागची भिंत यांतला फरक कळतो. थंडीत भिंत १५ अंशांवर आणि उघडी त्वचा तिशीच्या वर. मेमध्ये दिवसभर तापलेली भिंत रात्री नऊलाही ३५ अंशांवर असते, म्हणजे जवळजवळ तुमच्याच तापमानाला. गंमत म्हणजे भर दुपारी चाळीसच्या वर भिंत गेली की पल्ला पुन्हा थोडा सुधारतो, कारण आता तुम्ही भिंतीपेक्षा गार दिसता आणि सेन्सरला फरकाची दिशा कोणतीही चालते.

उपाय दोन. एचसी-एसआर५०१ या तयार पीआयआर मॉड्यूलवर आरटी लिहिलेली रिकामी जागा थर्मिस्टरसाठी (तापमानानुसार रोध बदलणारा भाग) असते. त्याने उन्हाळ्यात संवेदनशीलता थोडी वाढते. चमत्काराची अपेक्षा नको. जास्त उपयोगी पडते ती जागा. उन्हाने तापणाऱ्या पत्र्याऐवजी झाड किंवा ओलिताची जमीन पार्श्वभूमीला येईल असा रोख ठेवा, आणि वाट सेन्सरच्या समोरून आडवी जाईल असे बघा. सरळ सेन्सरकडे चालत येणारा माणूस लेन्सच्या एकाच पाकळीत बराच वेळ राहतो, त्यामुळे उशिरा सापडतो. उंची जमिनीपासून २.१ ते २.४ मीटर.

एचसी-एसआर५०१ आणि ५ व्होल्टचा रिले जोडला. दिवा विझला की पाच-सात सेकंदांत आपोआप पुन्हा लागतो. खोलीत कोणी नसते.
— एक वाचक, पुणे

रिले आणि सेन्सर एकाच अडॅप्टरवर आहेत, त्यामुळे हे होते. रिलेची कॉइल सुमारे ७० मिलिअँपिअर ओढते. ती सुटताना पुरवठ्यात जो धक्का बसतो तो सेन्सरला माणसासारखा वाटतो. मॉड्यूल विझल्यावर जेमतेम अडीच सेकंद कान बंद ठेवते, लगेच पुन्हा ऐकू लागते.

सेन्सरच्या पॉझिटिव्ह तारेत १०० ओहम घाला आणि मॉड्यूलच्या पिनांवर २२० मायक्रोफॅरड व ०.१ मायक्रोफॅरड जोडा. मॉड्यूल ६५ मायक्रोअँपिअरच्या आतबाहेर घेते, म्हणून १०० ओहमवर काहीच व्होल्टेज पडत नाही. कॉइलवर उलटा १एन४००७ डायोड आहे ना ते पाहा. रिले चालवणाऱ्या बीसी५४७ ट्रान्झिस्टरच्या बेसला १० किलोओहम लावला असेल तर बदलून १ किलोओहम करा: मॉड्यूलचे आउटपुट ३.३ व्होल्टच असते, १० किलोओहममधून पाव मिलिअँपिअर मिळतो आणि रिले धड ओढला जात नाही, फडफडतो.

एवढे करूनही थांबले नाही तर दोन गोष्टी. बल्ब साधा, तापणारा असेल आणि सेन्सरच्या नजरेत असेल, तर तो विझल्यावर गार होतो आणि तेच सेन्सर पकडतो. आणि जवळच ईएसपी८२६६ सारखे वायफाय बोर्ड असेल तर ते हातभर लांब न्या. अँटेना सेन्सरच्या पाठीला टेकवून ठेवलेली जोडणी कधीच शांत राहत नाही.

बाथरूममध्ये सेन्सरचा दिवा मध्येच विझतो. वेळ वाढवली तरी तेच.
— एक वाचक, ठाणे

पीआयआरला बसलेला, न हलणारा माणूस दिसत नाही. प्लॅस्टिक किंवा काचेच्या पार्टिशनमागचा तर मुळीच नाही. मॉड्यूलवरचा जम्पर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) एचवर आहे का ते पाहा. एलवर असेल तर मधल्या हालचालीने वेळ नव्याने मोजली जात नाही. मॉड्यूलची वेळ साधारण तीन सेकंदांपासून चार-पाच मिनिटांपर्यंत जाते. तेवढ्यात भागत नसेल तर २४ गिगाहर्ट्झचा रडार सेन्सर घ्या, उदाहरणार्थ एलडी२४१०. तो श्वासाची हालचालही पकडतो. आरसीडब्ल्यूएल-०५१६ हा दुसरा रडार सेन्सर स्वस्त आहे, पण त्याच्या लहरी पातळ भिंतीतून पलीकडे जातात आणि पॅसेजमधून कोणी गेले तरी तुमचा दिवा लागेल. फ्लॅटमध्ये तो नको.

पावसापासून वाचवण्यासाठी सेन्सर काचेच्या खिडकीआड ठेवला तर चालेल का? गेटजवळ कुत्री फिरतात, त्यांना कसे टाळावे?
— एक वाचक, रत्नागिरी

काचेआड अजिबात नाही. काच आपल्याला पारदर्शक, पण पाच मायक्रोमीटरच्या पुढे ती भिंतच. अॅक्रिलिकचेही तेच. पातळ पॉलिथिन मात्र इन्फ्रारेड सोडते. सेन्सरची पांढरी लेन्सही त्याच जातीच्या एचडीपीईची असते. तेव्हा वर पुढे आलेले छप्पर करा, समोर काही लावू नका. कोकणात पावसाइतकाच त्रास वाऱ्याचा आणि किड्यांचा. वायर ज्या भोकातून आत येते त्यातून पाइपातली हवा सेन्सरच्या पाठीवर येते आणि विनाकारण दिवा लागतो. ते भोक पुट्टी किंवा सिलिकॉनने बुजवा. लेन्सच्या घुमटावर कोळी जाळे विणतो, त्यासाठी महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसणे हाच उपाय.

कुत्र्यांसाठी लेन्सचा खालचा अर्धा भाग अॅल्युमिनिअमच्या चिकटपट्टीने झाका. पट्टी कुठवर लावायची ते अंदाजाने ठरवू नका: वेळ सर्वांत कमी करा, एकाला गेटजवळ ओणवे चालायला सांगा आणि दिवा लागायचा थांबेपर्यंत पट्टी दोन-दोन मिलिमीटर वर सरकवा. मग तोच माणूस उभा चालला की दिवा लागतो ना, ते तपासा. कुत्रे कंपाउंडच्या भिंतीवर चढत असेल तर पट्टीचा उपयोग नाही. सेन्सरचा रोखच भिंतीपासून वळवावा लागेल.