नव्याने बांधलेलं व्ही-८ इंजिन पहिल्यांदा सुरू करताना

प्रश्न : १९६७ची फोर्ड मस्टँग, २८९ घन इंची इंजिन, सी-४ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. इंजिनात नवा कॅम (व्हॉल्व्ह उघडवणारा दांडा) आणि त्यावर टेकणारे टॅपेट घातले, गिअरबॉक्सही बांधून झाला. चालू करण्याआधी काय पाहावं? – एक वाचक, दादर

उत्तर : आधी ऑइल वर चढवा. डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग) काढून पाव इंची षटकोनी दांडा ऑइल पंपात बसवा आणि ड्रिलने घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. पंपाने ऑइल धरलं की ड्रिल जड होते. रॉकरवर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या वरच्या पट्ट्यांवर) ऑइल पाझरलं, तरच पुढे.

नवा कॅम खराब होतो तो पहिल्या काही मिनिटांतच. त्याला ऑइल मुख्यतः फिरणारा क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) उडवतो त्यातून मिळतं, म्हणून आयडलिंगवर अजिबात सोडू नका. वीस मिनिटं १,५०० ते २,५०० आरपीएममध्ये वरखाली ठेवा. ऑइल जास्त झिंकचंच (झिंक झीज रोखतं) हवं, साध्या आधुनिक ऑइलने लोब, म्हणजे कॅमचे उंचवटे, खरवडतात. मुंबईच्या उकाड्यात रेडिएटरपुढे मोठा पंखा लावाच. नंतर ऑइल आणि फिल्टर बदला.

गिअरबॉक्स जोडताना टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) गिअरबॉक्सच्या पंपात पूर्ण बसलाय ना? बेल हाउसिंग (गिअरबॉक्सचं पुढचं कवच) इंजिनाला टेकल्यावर तो हाताने मोकळा फिरायला हवा. अडत असेल तर बोल्ट आवळून ओढू नका, पंप फुटतो. गिअरबॉक्समध्ये ऑइल टाइप एफ (फोर्डच्या जुन्या ऑटोमॅटिकसाठीचा प्रकार).