ड्रमच्या स्टँडचे वजन नेमके कुठे हवे?

प्रश्न : मी चार ड्रमचा संच, दोन सिंबल (धातूच्या झांजा) आणि हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) घेऊन आठवड्यातून दोन-तीन कार्यक्रम वाजवतो. माझे सगळे स्टँड आधुनिक, डबल ब्रेस्ड (पायांना दुहेरी पट्ट्या असलेले) आणि भक्कम आहेत. पण ते एकाच पिशवीत भरून जिना चढताना पाठ भरून येते. एका ज्येष्ठ वादकांनी त्यांच्याकडचे १९६०च्या दशकातले, जमिनीलगत सपाट पाय पसरणारे हलके स्टँड मला देऊ केले आहेत. माझी २२ इंची राइड सिंबल (सतत ताल धरणारी मोठी झांज) ते पेलतील का, आणि तसे असेल तर जड सामान विकून टाकावे का?

उत्तर : जुने स्टँड जरूर घ्या, पण जड सामान तूर्तास विकू नका. आपल्या प्रश्नात हलकेपणा आणि जुनेपणा या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. आपल्या पाठीला गरज आहे ती हलकेपणाची, आणि तो आज नव्या कोऱ्या सामानातही मिळतो. जुनेपणासोबत मात्र झिजलेले आटे, हरवलेले वॉशर आणि न जुळणारे सुटे भाग येतात. त्यांची तयारी असेल तरच त्या स्टँडवर कार्यक्रम सोपवावा.

हे सामान जड का झाले, ते आधी पाहू. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी एड सुलिव्हन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात बीटल्स वाजले, तेव्हाचे चित्रीकरण पाहिले तर त्यांचे ड्रमवादक रिंगो स्टार यांचे सिंबल किती बारीक दांड्यांवर उभे होते ते दिसते. त्यांच्यासमोर मोजकेच सिंबल होते आणि ते दांड्याच्या टोकावर सरळ बसलेले होते. १९७०च्या दशकात ध्वनिवर्धक मोठे झाले, वादक जोराने वाजवू लागले, टॉमची (संचातल्या मधल्या आकाराच्या ड्रमची) संख्या वाढली आणि त्या टॉमवरून पलीकडे पोहोचण्यासाठी सिंबल बूमवर, म्हणजे स्टँडच्या आडव्या दांड्यावर, चढले. दुहेरी पट्ट्यांचे रुंद पाय आणि जाड नळ्या या गरजेतून आल्या. म्हणून जड स्टँडची गरज आहे की नाही, हे आपण बूम किती वापरता आणि किती जोराने वाजवता यावर ठरते. सिंबलचा आकार त्यानंतर येतो.

हे आकड्यांत मांडून पाहतो, कारण मला स्वतःला ते आकड्यांतूनच पटले. समजा, हलका स्टँड २ किलोचा आहे, त्याचे तिन्ही पाय मधल्या दांड्यापासून ३० सेंटीमीटरपर्यंत पसरले आहेत आणि अडीच किलोची राइड बूमवर ४० सेंटीमीटर बाहेर टांगली आहे. बूम एका पायाच्या बरोबर वर असेल, तर सिंबल त्या पायाच्या टोकाच्या, म्हणजे टेकूच्या, १० सेंटीमीटरच बाहेर राहते आणि स्टँडचे वजन ३० सेंटीमीटरवरून तिला मागे ओढते. वजनाला अंतराने गुणले तर २५ विरुद्ध ६०, म्हणजे स्टँड उभा राहतो. तीच बूम दोन पायांच्या मधल्या फटीवर फिरवली, की टेकूची रेषा दांड्यापासून १५ सेंटीमीटरवर येते, कारण तीन पायांच्या त्रिकोणात कडेचे अंतर टोकाच्या अंतराच्या निम्मेच असते. आता हिशेब साडेबासष्ट विरुद्ध ३० असा होतो आणि हाताचा स्पर्शही न होता स्टँड आडवा होतो. यात बूमच्या नळीचे वजन आणि काठीचा आघात धरलेलाच नाही. तेव्हा आपली राइड सरळ दांड्यावर, मध्यभागी बसत असेल तर सपाट पायांचा चांगल्या स्थितीतला स्टँड तिला निश्चित पेलेल. बूम अपरिहार्य असेल तर ती एका पायाच्या वरच ठेवावी, आणि तेवढ्या एका सिंबलसाठी जड स्टँड न्यावा, हे अधिक बरे.

सपाट पायांचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. लहान मंचावर डबल ब्रेस्ड स्टँडचे पाय एकमेकांत अडकतात आणि शेवटी सिंबल हवी तिथे न येता पाय मावतील तिथे येते. सपाट पाय दुसऱ्या स्टँडच्या किंवा फ्लोअर टॉमच्या खाली सहज सरकतात. मात्र त्यांना जमीनही सपाट लागते. त्यांचा मधला दांडा जमिनीपासून जेमतेम बोटभर वर असतो, त्यामुळे खाली एखादी जाड केबल आली किंवा मंचाच्या दोन फळ्यांत उंचसखलपणा असला, की स्टँड पोटावर टेकतो आणि तीनपैकी एक पाय अधांतरी राहतो. सिंबल लावण्याआधी दांडा हाताने हलवून तिन्ही रबर टेकले आहेत ना, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

आता ते जुने स्टँड घेताना काय तपासावे, ते सविस्तर सांगतो, कारण फसगत इथेच होते. सर्वप्रथम टिल्टर, म्हणजे सिंबलचा कल ठरवणारा वरचा सांधा, पाहा. दाते असलेला टिल्टर असेल तर तो सोडवून दात्यांवरून अंगठा फिरवा. चांगले दाते नखाला टोचतात. झिजलेले दाते गुळगुळीत आणि चकचकीत लागतात. असाच एक टिल्टर मी न तपासता नेला होता. संथ गाणे सुरू असताना राइड प्रत्येक आघातागणिक थोडी थोडी खाली झुकत गेली आणि अंतऱ्यापर्यंत तिची कड टॉमच्या रिंगला लागू लागली. विंगनट मी गच्च आवळला होता, पण दातेच एकमेकांत बसत नसतील तर आवळून उपयोग होत नाही.

त्यानंतर उंची ठरवणारा स्क्रू पाहावा. पुष्कळशा जुन्या स्टँडमध्ये तो थेट आतल्या नळीवर रुततो, आणि वर्षानुवर्षे आवळल्याने नळीला खळगे पडलेले असतात. मग तुम्हाला हव्या त्या उंचीऐवजी नळी आपल्या खळग्यात जाऊन बसते. आधुनिक स्टँडमध्ये सांध्याला नायलॉनची बुशिंग असते. ती नळीला सगळीकडून सारखी धरते, त्यामुळे कमी जोर लावूनही पकड बसते. ओतीव भागांना केसाएवढी चीर आहे का, हेही उजेडात धरून पाहावे. असे भाग वाकत नाहीत, एकदम तुटतात. फेल्ट (सिंबलच्या वर-खाली बसणाऱ्या नमद्याच्या चकत्या) आणि सिंबलच्या छिद्रातली प्लास्टिकची नळी मात्र न पाहताच नवी घालावी. ही नळी नसेल तर धातूवर धातू घासून सिंबलचे छिद्र लंबगोल होत जाते आणि पुढे तिथूनच चीर धरते. विंगनटचे आटे आजच्या मापांशी जुळतीलच असे नाही, म्हणून जुळणारे दोन जास्तीचे नट पिशवीत असू द्यावेत.

उंचीची खूण राखणारे मेमरी लॉक या स्टँडवर बहुधा नसतील. नळीचा व्यास मोजून ते वेगळे बसवता येतात. तोवर पक्क्या शाईच्या पेनाने नळीवर बारीक रेघ मारली तरी मांडणीचा वेळ बराच वाचतो.

एवढे केल्यावरही सगळे सामान हलके करावे, असे माझे मत नाही. बसण्याचा थ्रोन जड आणि भक्कमच असावा, कारण त्यावर आपले संपूर्ण शरीर असते आणि तो डगमगला तर दोन्ही पायांचे वादन बिघडते. हाय-हॅटचेही तसेच. तो सतत पायाखाली हलणारा स्टँड आहे. जुन्या हाय-हॅटच्या पेडलची ओढ कितीही हलकी आणि सुखद असली तरी त्याची स्प्रिंग आणि खेचणारा गज शाबूत नसेल तर आपला आधुनिक हाय-हॅटच न्यावा. स्नेअरचा स्टँड हलका चालतो, फक्त आपल्या स्नेअरची खोली आणि आपली बसण्याची उंची पाहता तो पुरेसा खाली उतरतो का, ते बसून पाहावे. सिंबलचे दोन सरळ स्टँड हलके केले की सर्वात जास्त फरक पडतो. डबल ब्रेस्ड बूम स्टँड ढोबळमानाने ४ ते ५ किलोचा असतो, सपाट पायांचा साधा स्टँड २ किलोच्या आसपास. म्हणजे दोन स्टँड बदलताच ४ ते ६ किलो उतरतात. उरलेले सामान दोन पिशव्यांत विभागून न्यावे. दोन्ही हातांत सारखे वजन आले की जिन्यावर पाठ एका बाजूला वाकत नाही.

जुन्या स्टँडची तपासणी समाधानकारक झाली नाही, तर नव्या हलक्या सामानाचा विचार करावा. टामाची क्लासिक, यामाहाची क्रॉसटाउन आणि डीडब्ल्यूची ६००० या मालिकांत सपाट पायांचे स्टँड मिळतात. यामाहाच्या स्टँडमध्ये ॲल्युमिनियम वापरलेले आहे. त्यांचे सुटे भाग सहज मिळतात, आणि नियमित कार्यक्रम करणाऱ्या वादकासाठी ही बाब दिसण्यापेक्षा मोठी आहे.

प्रश्न : माझ्या जुन्या बेस ड्रमचे (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमचे) स्पर, म्हणजे त्याला जमिनीवर रोखून धरणारे पाय, दोन बारीक सरळ गज आहेत. वाजवता वाजवता ड्रम पुढे सरकतो. ड्रमला नवीन, जाड स्पर बसवून घ्यावेत का?

उत्तर : त्यासाठी शेलला, म्हणजे ड्रमच्या लाकडी कवचाला, नवी छिद्रे पाडावी लागणार असतील तर कृपया तसे करू नका, जुन्या शेलला पाडलेले छिद्र परत भरून निघत नाही. खाली रबराचा थर असलेला गालिचा अंथरा आणि आपला थ्रोनही त्याच गालिच्यावर ठेवा, म्हणजे आपल्याच वजनाने गालिचा जागेवर राहील. गजांची टोके बोथट झाली असतील तर कानशीने घासून त्यांना पुन्हा टोक काढा, आणि ते पुढच्या दिशेला कलते ठेवून ड्रमची पुढची रिंग जमिनीपासून किंचित उचला. फार उचलली तर पेडलची पकड रिंगवर तिरकी बसते. एवढ्यानेही ड्रम सरकला, तर थ्रोनच्या दांड्यापासून बेस ड्रमच्या स्परपर्यंत एक मजबूत पट्टा ताणून बांधावा, किंवा रिंगवर आवळून बसवायचे वेगळे अँकर मिळतात ते लावावेत. ते काढले की ड्रम होता तसाच राहतो.